‘जाड’ दाणा आणि तिसरी मिती : स्वस्त स्वयंचलित सूक्ष्मदर्शकांचे एक परीक्षण

तांदळाच्या दाण्याचे जे वर्गीकरण भारतात कृषिसंशोधनात रूढ आहे, ते दोन मापांवर उभे आहे. दाण्याची लांबी ६ मिलिमीटर किंवा अधिक असून लांबीला रुंदीने भागल्यावर येणारा आकडा ३ किंवा अधिक असेल, तर तो ‘लांबट बारीक’. लांबी तेवढीच पण गुणोत्तर ३ हून कमी असेल, तर ‘लांबट जाड’. लांबी ६ मिलिमीटरांहून कमी असलेल्या दाण्यांचे ‘आखूड बारीक’, ‘मध्यम बारीक’ आणि ‘आखूड जाड’ असे तीन वर्ग पडतात, आणि त्यांतील शेवटच्या दोहोंमधली सीमा २.५ ह्या आकड्यावर आखलेली आहे. ह्या पाचही वर्गांत दाण्याच्या जाडीचा कोठेही संबंध येत नाही. ज्या वर्गांच्या नावांत ‘जाड’ हे विशेषण आहे, त्यांतही नाही.

मूळ इंग्रजी शब्द ‘बोल्ड’ हा आहे आणि त्याचा रोख दाण्याच्या भरीवपणाकडे आहे. मराठी अनुवादकाने त्याला ‘जाड’ म्हटले, हे व्यवहाराला धरूनच झाले. परंतु मराठीत ‘जाड’ ह्या शब्दाला स्वतःचा एक कायदा आहे. कागद, भाकरी, कापड, फळी ह्या चपट्या वस्तूंच्या बाबतीत ‘जाड’ म्हणजे तिन्ही मापांतील सर्वांत लहान माप अधिक असलेली वस्तू. रुंद कागदाला कोणी जाड म्हणत नाही. दोरी, खांब, माणूस ह्यांच्या बाबतीत मात्र ‘जाड’ म्हणजे घेर अधिक असलेला. भाताचा दाणा ह्या दोन जातींच्या मध्ये पडतो. तो गोल नाही आणि चपटाही नाही. दोन बाजूंनी किंचित दाबलेला आहे. शेतकरी दाणा चिमटीत धरून ‘जाड’ म्हणतो तेव्हा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जे सापडते ते तो सांगत असतो, आणि त्यात रुंदीइतकीच जाडीही असते. कोष्टक ‘जाड’ म्हणते तेव्हा ते वरून पडलेल्या सावलीविषयी बोलत असते. शब्द एकच आहे, पण एका ठिकाणी तो तीन मितींचा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी दोन.

हा भेद केवळ शब्दकोशाचा असता, तर त्याची चर्चा एका टिपेत संपली असती. तथापि कर्जत आणि खालापूर ह्या रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या) अंतर्भागातील तालुक्यांत त्याला प्रत्यक्ष वजन आहे. कर्जत येथे दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे. ‘कर्जत’ ह्या नावापुढे क्रमांक लावलेल्या भाताच्या अनेक जाती आणि ‘सह्याद्री’ ही संकरित जात ही त्याच केंद्राची देणगी होय. त्याच तालुक्यात कशेळे येथे अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स ह्या संस्थेने स्थानिक जातींच्या जतनाचे काम केले. म्हणजे एकाच तालुक्यात नव्या जाती घडविण्याचे आणि जुन्या जाती राखण्याचे अशी दोन्ही कामे झाली आहेत. २००१ च्या वनस्पती वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क अधिनियमान्वये शेतकऱ्याच्या पिढीजात वाणाचीही नोंदणी होऊ शकते. त्यासाठी तो वाण इतरांहून भिन्न, स्वतःत एकसारखा आणि पिढ्यान्‌पिढ्या स्थिर आहे, हे दाखवावे लागते. भाताच्या बाबतीत ही भिन्नता ज्या लक्षणांवरून ठरते, त्यांतील काही अगदी सूक्ष्म आहेत : तुसावर लव आहे की नाही आणि असल्यास किती, दाण्याच्या टोकाचा रंग कोणता, कुसळ आहे की नाही, तळाशी असलेली लहानशी वांझ तुसे कोणत्या रंगाची आहेत.

वर्णविचार शिकलेल्या विद्यार्थ्याला ही पद्धत ओळखीची वाटेल. ध्वनींमधील असंख्य फरकांतून भाषा काही मोजकेच फरक अर्थभेदक मानते. त्याचप्रमाणे येथे दाण्यांमधील असंख्य फरकांतून काही मोजकेच फरक कायद्याने भेदक मानले आहेत. कोणते फरक भेदक मानावयाचे हे ज्याच्या हाती असते, त्याच्या हाती वाणाची ओळखही असते. पालघर जिल्ह्यातील वाड्याच्या कोलम तांदळाला, ज्याला झिनी असेही म्हणतात, २०२१ साली भौगोलिक संकेत मिळाला. असा संकेत मिळविण्याची गरज ज्या बाजारात पडते, त्या बाजारात नाव आणि दाणा यांची फारकत होऊ शकते, हे उघडच आहे. ठाकूर-कातकरी वाड्यांवर आणि शेतकऱ्यांच्या कणगीत राहिलेल्या वाणांना असे संरक्षण हवे असेल, तर दाण्याचे पुरावे प्रथम तयार व्हावयास हवेत, आणि ते तालुक्यातच होऊ शकले तर उत्तम.

येथे एक रास्त आक्षेप येतो. जाडीच मोजावयाची तर त्याला सूक्ष्मदर्शक कशाला? शाळेच्या प्रयोगशाळेतील स्क्रू गेज ते काम करते. आक्षेप खरा आहे, आणि केवळ जाडीचा एक आकडा हवा असेल तर स्क्रू गेजच वापरावा. त्यासाठी यंत्र बांधण्याचा खटाटोप करू नये. प्रश्न जाडीच्या एका आकड्याचा नसून पृष्ठभागाचा आहे. तुसावरच्या उभ्या कण्या, दोन तुसे जेथे एकमेकांत अडकतात ती शिवण, टोकाची वाकण आणि लव ह्या सर्व गोष्टी उंचसखल आहेत. त्यांचे मोजण्याजोगे चित्र हवे असेल, तर सूक्ष्मदर्शकाला तिसरी मिती द्यावी लागते. आणि तिसरी मिती हीच सूक्ष्मदर्शकाची जन्मजात उणीव आहे.

ही उणीव कारागिरीची नाही, प्रकाशाची आहे. एर्न्स्ट आबे याने १८७३ मध्ये दाखविल्याप्रमाणे भिंग जितक्या रुंद कोनातून प्रकाश गोळा करते तितके बारीक तपशील ते वेगळे दाखवू शकते. ह्या कोनाच्या मापाला न्यूमेरिकल ॲपर्चर म्हणतात. पण ज्या थरात वस्तू स्पष्ट दिसते त्या थराची जाडी ह्या मापाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत जाते. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरली, तर चौपट वर्धनाच्या नेहमीच्या भिंगाला (ॲपर्चर ०.१) सुमारे ५५ मायक्रॉन जाडीचा थर स्पष्ट दिसतो. दहापट भिंगाला (०.२५) तो सुमारे ९ मायक्रॉन आणि चाळीसपट भिंगाला (०.६५) जेमतेम १.३ मायक्रॉन राहतो. तांदळाच्या दाण्याची अर्धी जाडी सुमारे १ मिलिमीटर, म्हणजे १००० मायक्रॉन धरावी. म्हणजे दहापट भिंगातून दाण्याकडे पाहणाऱ्याला एका वेळी त्याचा शंभराव्याहून लहान भाग स्पष्ट दिसतो आणि उरलेला धुक्यात असतो. चाळीसपट भिंगाची अडचण याहून मोठी आहे. ते वस्तूपासून अर्ध्या मिलिमीटराच्या आसपास असताना काम करते, त्यामुळे दाण्याच्या उतारावर ते नेऊ लागले तर दाण्याचा माथाच त्याला लागतो.

जाता जाता परिभाषेविषयी. छायाचित्रणातील ‘डेप्थ ऑफ फील्ड’ला मराठीत ‘क्षेत्राची खोली’ असा प्रतिशब्द दिला जातो. ‘खोली’ ऐकणाऱ्याच्या मनात विहीर उभी राहते, आणि विहिरीत वरून खालपर्यंत पाहता येते. येथे नेमके उलटे आहे : एक पातळ पापुद्रा दिसतो आणि वरचे-खालचे काहीच दिसत नाही. ‘स्पष्ट थराची जाडी’ हा शब्दप्रयोग लांब असला तरी खरा आहे. मराठीने फारसीतून ‘दुर्बीण’ घेतली, पण तिची धाकटी बहीण ‘खुर्दबीन’ घेतली नाही. तिच्या जागी संस्कृतातून ‘सूक्ष्मदर्शक’ घडविला. गंमत अशी, की पुढे लोकांनी पोटातील शस्त्रक्रियेच्या नळीलाही ‘दुर्बीण’च म्हटले, आणि दूरचे पाहण्यासाठी घेतलेला शब्द वीतभर अंतरावरचे पाहण्याच्या कामी लावला. लोकव्यवहार व्युत्पत्तीची पर्वा करीत नाही, आणि परिभाषाकारांनी त्यावर रागावण्याचेही कारण नाही.

पातळ थराची ही अडचण पार करण्याचा मार्ग जुना आणि सोपा आहे. भिंग किंवा वस्तू एकेक पायरी सरकवीत प्रत्येक पायरीला छायाचित्र घ्यावयाचे आणि प्रत्येक बिंदू कोणत्या चित्रात सर्वांत रेखीव आहे हे संगणकाने शोधावयाचे. ज्या पायरीला तो रेखीव होता तीच त्याची उंची. श्री के. नायर आणि यासुओ नाकागावा यांनी १९९४ मध्ये ही रीत शास्त्रशुद्ध मांडली. पायऱ्यांच्या मधली उंचीही गणिताने काढता येते हे त्यांनी दाखविले. रीत सोपी असली तरी काम कंटाळवाणे आहे. दहापट भिंगातून एका चित्रात १ मिलिमीटर लांब आणि पाऊण मिलिमीटर रुंद एवढा भाग येतो आणि शेजारची चित्रे एकमेकांवर चौथाईने चढतात असे धरू. ६ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर रुंद दाणा झाकावयास लांबीत ८ आणि रुंदीत ४, अशी ३२ ठिकाणे लागतील. प्रत्येक ठिकाणी ११४ पायऱ्या, म्हणजे एकूण ३,६४८ चित्रे. एका चित्राला तीन सेकंद धरले तर तीन तासांचे काम, आणि तेही दाण्याच्या एकाच अंगाचे. माणसाच्या हाताने हे होणार नाही. म्हणून यंत्र स्वयंचलित हवे, आणि तालुक्याच्या ठिकाणी वापरावयाचे म्हणून ते स्वस्त हवे. हाच हिशेब चौपट भिंगाने केला तर ६ ठिकाणे आणि प्रत्येकी १९ पायऱ्या, म्हणजे ११४ चित्रे होतात. सहा मिनिटांत काम आटोपते. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण स्वस्त यंत्रांविषयी लिहिणारे बहुधा अधिक वर्धनाचे कौतुक करतात.

स्वस्त सूक्ष्मदर्शक म्हटले की आज प्रथम फोल्डस्कोपचे नाव निघते. मनु प्रकाश आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला हा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक नऊ ग्रॅमांहूनही हलका आहे आणि त्याच्या सुट्या भागांची किंमत एका डॉलरहून कमी आहे, असा त्यांचा हिशेब आहे. त्याने शाळाशाळांतून जे कुतूहल जागे केले त्याचे मोल कमी लेखू नये. परंतु प्रस्तुत कामाला तो उपयोगी नाही. त्याचे मण्याएवढे भिंग पारदर्शक आणि पातळ नमुन्यासाठी आहे. दाणा अपारदर्शक आणि जाड आहे. शिवाय अंगठ्याने कागद सरकवून मिळणाऱ्या पायऱ्या मोजता येत नाहीत, आणि जे मोजता येत नाही त्यावरून उंची काढता येत नाही.

अधिक विचार करण्यासारखा आहे तो ओपनफ्लेक्शर सूक्ष्मदर्शक. जेम्स शार्की, रिचर्ड बोमन आणि त्यांच्या केंब्रिज येथील सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्याचा मूळ आराखडा प्रसिद्ध केला. त्यामागची कल्पना खरोखर सुंदर आहे. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात नमुना सरकविण्यासाठी धातूचे दांते आणि खाचा असतात, आणि त्या अचूक घडविणे महाग पडते. ओपनफ्लेक्शरमध्ये घसरणारा भागच नाही. त्रिमितीय मुद्रकावर एकसंध छापलेले प्लास्टिक ठरावीक पातळ जागी वाकते आणि त्या वाकण्यातून नमुना सरकतो. स्वयंपाकघरातील पत्र्याचा चिमटा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. त्याला बिजागरी नसते, पत्राच वाकतो. लांब तरफेच्या एका टोकाला मळसूत्र आणि त्याला फिरविणारी स्वस्त मोटर जोडली की दुसऱ्या टोकाला मायक्रॉनहून लहान पायरी मिळते. मूळ लेखात ८ मिलिमीटर लांब, ८ रुंद आणि ४ उंच एवढ्या अवकाशात अशी हालचाल साधल्याचे नमूद आहे. दाण्याच्या उंचीला हे पुरून उरते. कॅमेरा आणि संगणक ह्यांसाठी रास्पबेरी पाय नावाची तळहाताएवढी पाटी आहे. छापावयाचे सोडून बाकीचे बरेचसे सामान कर्जत लोकलने जाऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एका दिवसात आणता येईल अशा जातीचे आहे.

२०२० मध्ये जोएल कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी ह्याच यंत्राची पुढची आवृत्ती मांडताना टांझानिया आणि केन्या येथे शंभरांहून अधिक सूक्ष्मदर्शक तयार झाल्याचे सांगितले. स्थानिक माणसांनी बांधावे आणि स्थानिक माणसांनीच दुरुस्त करावे, हे त्यामागचे धोरण आहे. स्वस्तपणाचा हा अर्थ खरेदीच्या किमतीपेक्षा अधिक प्रामाणिक आहे. तालुक्याच्या प्रयोगशाळेत उपकरण पडून राहते ते बहुधा एखाद्या सुट्या भागावाचून; जो भाग गावातच पुन्हा छापता येतो, त्याच्यावाचून यंत्र अडत नाही. कर्जत परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि खोपोली-खालापूर पट्टा कारखान्यांचा आहे. मळसूत्राचे आटे गेले म्हणजे काय करावयाचे हे जाणणाऱ्या माणसांची तेथे वाण नाही.

इतके मान्य करूनही दोन गोष्टी स्पष्टपणे म्हणावयास हव्यात. पहिली हवेची. यंत्र आठवडाभरात २० मायक्रॉनांहूनही कमी सरकले, आणि तेही तापमान स्थिर न ठेवता, असा मूळ लेखातला निर्वाळा आहे. निर्वाळा खरा आहे, पण तो इंग्लंडमधल्या खोलीत मिळालेला आहे. छपाईस वापरले जाणारे पीएलए हे प्लास्टिक तापमानाच्या दर अंशाला दहा लाखांत सुमारे ७० भाग फुगते. ५० मिलिमीटरांचा भाग दहा अंशांच्या फरकाने ३५ मायक्रॉन वाढतो, म्हणजे दहापट भिंगाच्या चार थरांएवढा. यंत्राची रचना सममित असल्याने ही सगळी वाढ चित्रात उतरत नाही, हे खरे. तरीही तीन तासांची छायाचित्रमालिका सकाळी सुरू करून चैत्रातल्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली संपविणाऱ्याने केंब्रिजचा आकडा आपला समजू नये. हेच प्लास्टिक ६० अंशांच्या सुमारास मऊ पडते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ते ठेवणे म्हणजे यंत्र गमावणे. पावसाळ्याचा प्रश्न वेगळाच. जेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, तेथे भिंगावर बुरशी धरते, आणि प्लास्टिकचे यंत्र कितीही स्वस्त केले तरी भिंग काचेचेच राहते. टांझानियाची हवाही उष्ण आहे, असे उत्तर यावर देता येईल. मात्र तेथील प्रमुख उपयोगांपैकी एक हिवतापाच्या निदानासाठी काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब पाहणे हा होता, आणि तो नमुना मुळातच सपाट असतो. सपाट नमुन्यावर यंत्र टिकले यावरून उंचसखल नमुन्यावर त्याचे माप टिकेल, असे अनुमान निघत नाही.

दुसरी गोष्ट ‘त्रिमितीय’ ह्या शब्दाची. ओपनफ्लेक्शरच्या नेहमीच्या रचनेत भिंग खाली आणि नमुना वर असतो, आणि प्रकाश नमुन्यातून आरपार येतो. दाण्यातून प्रकाश आरपार जात नाही. त्या रचनेत दाण्याची केवळ काळी सावली मिळेल. परावर्तित प्रकाशाची सोय त्यात करता येते, आणि ती केलीच पाहिजे. पण ती केल्यावरही थरांच्या चित्रांतून जे मिळते ते त्रिमितीय रूप नव्हे. तो उंचीचा नकाशा असतो. नकाशात प्रत्येक बिंदूला एकच उंची असते. माथेरानचा नकाशा काढताना हे चालते, कारण डोंगराच्या एका जागेवर दुसरा डोंगर लोंबकळत नाही. तुसावरची लव मात्र पृष्ठभागावरून उचललेली असते. ज्या बिंदूवर केस आहे तेथे खालचा पृष्ठभागही आहे, आणि नकाशाला दोहोंपैकी एकच नोंदवता येतो. परिणामी केस पृष्ठभागाला चिकटल्यासारखा दिसतो किंवा त्याच्याभोवती खोटे वलय उमटते. वाणाच्या नोंदणीत लव हे भेदक लक्षण आहे आणि स्वस्त उंची-नकाशा नेमके तेच बिघडवितो, हा विरोध यंत्राच्या प्रशंसकांनी नजरेआड करू नये. दाण्याची खालची बाजू तर नकाशात नसतेच. दाणा उलटून दुसरा नकाशा केला तरी दोन नकाशे कडेवर जुळवावे लागतात, आणि कडेचा उतारच सर्वांत कमी भरवशाचा असतो.

सामान्य माणसाच्या कानी ‘त्रिमितीय’ हा शब्द चित्रपटामुळे पडला. २०१३ साली आलेला ‘झपाटलेला २’ हा मराठीतला पहिला त्रिमितीय चित्रपट. तेथे चष्मा लावला की खोलीचा भास होतो, आणि भास झाला की काम झाले. विज्ञानात भासाने काम होत नाही. पडद्यावर फिरवून दाखविता येणारे प्रत्येक चित्र मोजता येण्याजोगे असतेच असे नाही. म्हणून उंचीच्या नकाशाला ‘उंची-चित्र’ म्हणावे आणि ‘त्रिमितीय प्रतिरूप’ हा शब्द सर्व बाजूंनी बंद असलेल्या आकृतीसाठी राखून ठेवावा, हे बरे.

अशी बंद आकृती देणारी यंत्रे कीटकशास्त्रज्ञांनी बांधली आहेत. चुओंग न्गुयेन आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये कीटकांची नैसर्गिक रंगांतील प्रतिरूपे तयार करून दाखविली. २०१८ मध्ये जर्मनीत डिस्क-थ्री-डी हे यंत्र आले. आणि २०२१ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील फाबियान प्लुम व डेव्हिड लाबाँट यांनी ‘स्कॅन्ट’ ह्या यंत्राचा आराखडा सर्वांस खुला केला. कीटकांखेरीज इतर लहान वस्तूंसाठीही ते आहे, असे त्यांनी शीर्षकातच म्हटले आहे. नमुना टाचणीवर बसवून मोटरींनी दोन अक्षांवर फिरवावयाचा, प्रत्येक कोनातून थराथराची चित्रे घेऊन त्यांचे एक रेखीव चित्र करावयाचे, आणि सर्व कोनांतील चित्रांवरून संगणकाने आकृती बांधावयाची, अशी ही पद्धत. येथे केस आणि पृष्ठभाग वेगवेगळ्या कोनांतून वेगवेगळे दिसतात, त्यामुळे नकाशाचा मूळ दोष पुष्कळ प्रमाणात जातो. दाणा टाचणीच्या टोकावर डिंकाने चिकटविता येईल. त्यासाठी नवे काही शोधावयाचे नाही.

मात्र येथे एक मौजेची अडचण उभी राहते, आणि ती मराठी भाषकाला विशेष लवकर उमगेल. कोनांच्या चित्रांवरून आकृती बांधताना संगणक पृष्ठभागावरील खुणा ओळखतो. पृष्ठभाग अपारदर्शक, निस्तेज आणि खडबडीत असेल तर त्याला खुणा सापडतात. गुळगुळीत, चमकदार आणि अर्धपारदर्शक असेल तर सापडत नाहीत. इंग्रजीत दोहोंना ‘राइस’ म्हणून भागते. मराठीत सड न काढलेला तो भात आणि सडलेला तो तांदूळ. भात ह्या यंत्राला मानवेल, कारण तुसावर कण्या आहेत, लव आहे, रंगाचे डाग आहेत. सडून पांढरा केलेला तांदूळ मानवणार नाही. परंतु ‘लांबट’, ‘आखूड’, ‘बारीक’, ‘जाड’ हे वर्गीकरण तुसाखालच्या दाण्याचे आहे, तर भेदक लक्षणांतील लव, कुसळ आणि टोकाचा रंग ही भाताची आहेत. म्हणजे यंत्र एका यादीला उपयोगी आणि दुसरीला निरुपयोगी. ‘राइस ग्रेनचे त्रिमितीय चित्रण’ असे शीर्षक देऊन लिहिलेल्या प्रबंधात हा भेद सहज हरवेल. ‘भाताचे’ की ‘तांदळाचे’ हे मराठीत लिहिताना ठरवावेच लागते.

आणखी एक उणीव मापाची. कोनांच्या चित्रांतून मिळणाऱ्या आकृतीला स्वतःचे प्रमाण नसते. ती दाण्याची की नारळाची हे आकृतीवरून कळत नाही. ज्ञात लांबीची खूण सोबत ठेवून ते प्रमाण बाहेरून द्यावे लागते. थरांच्या पद्धतीत मोटरीच्या पायऱ्या मोजलेल्या असल्याने प्रमाण आतूनच येते, अर्थात दिशा बदलताना वाया जाणाऱ्या फेरीचा हिशेब ठेवला असेल तर. किमतीच्या बाबतीतही स्कॅन्टला ‘स्वस्त’ म्हणताना तारतम्य हवे. चौकट आणि मोटरी स्वस्त आहेत. त्यावर बसणारा औद्योगिक कॅमेरा आणि भिंग हे तालुक्यातील संस्थेच्या दृष्टीने स्वस्त नाहीत. सूक्ष्म क्ष-किरण छेदचित्रणाच्या यंत्राशी तुलना केली तर ते स्वस्त ठरते, आणि लेखक ती तुलना करतात. पण कर्जतच्या वाचकाची तुलना स्क्रू गेज आणि हातभिंग यांच्याशी असते. ‘स्वस्त’ हे सापेक्ष विशेषण आहे. कशापेक्षा, हे वाक्यात आले नाही तर ते जाहिरातीचे विशेषण होते.

मग ह्या दोन तालुक्यांच्या कामाला काय उपयोगी पडेल? ओपनफ्लेक्शरचे वाकणारे आसन, त्याला चौपट भिंग आणि परावर्तित प्रकाश, आणि स्कॅन्टकडून घेतलेली टाचणीची फिरकी, असा मिश्र घाट अधिक योग्य वाटतो. चौपट भिंगाच्या थराची जाडी ५५ मायक्रॉन. २ मिलिमीटरांच्या दाण्यात तिचे प्रमाण तीन टक्क्यांहूनही कमी आहे आणि गणिताने ते आणखी खाली आणता येते. बाजूंचे तपशील पावणेतीन मायक्रॉनांपर्यंत दिसतात, जे लव मोजावयास पुरे आहेत. एका अंगाला सहा मिनिटे, तर फिरकीवर आठ कोनांतून पाऊण तासाच्या आसपास. एवढ्या वेळात खोलीचे तापमान फार बदलत नाही. अधिक वर्धनाचा मोह सोडला की हवेचा आणि वेळेचा, असे दोन्ही प्रश्न पुष्कळसे सुटतात.

राहता राहिला सूचनांचा प्रश्न. ह्या यंत्रांचे आराखडे खुले आहेत, पण ते बांधण्याच्या सूचना मराठी वाचकाला इंग्रजीतूनच समजून घ्याव्या लागतात. त्यांचा अनुवाद परिभाषाकोशातून उचललेल्या शब्दांनी करावा असा आग्रह विद्यापीठांतून धरला जाईल. तो धरू नये. ‘फ्लेक्शर’ला ‘आनमनी’ म्हणण्यापेक्षा ‘वाकणारा सांधा’ म्हणावे. ‘मळसूत्र’, ‘आटे’, ‘चकती’, ‘बिजागरी’ हे शब्द सुताराच्या आणि फिटरच्या तोंडी आहेत. ‘फोकस’ छायाचित्रकाराच्या तोंडी आहे आणि तो मराठी झालेला आहे. शाळेच्या पुस्तकातील ‘नाभीय अंतर’ विद्यार्थ्याला ठाऊक असते, तेही राहू द्यावे. उलट दाण्याच्या बाबतीत मात्र भाषेकडे पुरेसे शब्द नाहीत, हे मान्य करावयास हवे. तूस, कोंडा, कणी, कुसळ, लोंबी, पोचट दाणा ह्यांना नेमके शब्द आहेत, कारण सडताना, पाखडताना आणि मळताना ते हाताखालून जातात. पण दाण्यावरची जी दोन तुसे एकमेकांत अडकतात, त्यांतल्या मोठ्या आणि लहान तुसाला वेगवेगळी नावे लागत नाहीत, कारण सडताना दोन्ही एकदमच निघतात. नोंदणीचे कोष्टक मात्र त्यांतल्या मोठ्याच तुसावरची लव विचारते. तेथे ‘मोठे तूस’ आणि ‘लहान तूस’ एवढे म्हणून भागवावे; संस्कृत समासाची गरज नाही.

प्रत्येक दाण्याच्या नोंदपत्रात लांबी, रुंदी आणि जाडी असे तीन रकाने असावेत, आणि गुणोत्तर त्यांच्यानंतर यावे. ‘जाडी’ ह्या रकान्यात केवळ तिसरी मितीच लिहावी. वाणाचे नाव पेरणाऱ्याने उच्चारले तसे, देवनागरीत, ठाकुरी किंवा कातकरी रूप असेल तर तेच ठेवून लिहावे. प्रमाण रूप हवे असल्यास ते शेजारच्या वेगळ्या रकान्यात द्यावे. पेरणाऱ्याने त्या वाणाला ‘जाड’ म्हटले की ‘बारीक’, हेही मोजमाप करण्याआधी विचारून नोंदवावे. पुढे त्या उत्तरांची तिन्ही मापांशी तुलना केली असता तो शब्द रुंदीमागे जातो की जाडीमागे, हे दाखविता येईल, आणि ते काम भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने करण्याजोगे आहे.